मंगलाअक्कांच्या तोंडी घातलेलं वाक्य

मंगलाअक्कांवर मी अन्याय केला. गेल्याच्या गेल्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात एकाच बाकावर आम्ही दोघं बसलो होतो — त्या एका टोकाला, मी दुसऱ्या. समोरच्या फौजदार बाईंनी मला एक प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं. ते उत्तर खोटं आहे हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. एक मी. दुसऱ्या मंगलाअक्का.

हे मी कालपर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. संघटनेत नाही, घरी नाही. जिच्याशी लग्न करायचं म्हणतोय तिलाही नाही — ती हे तुमच्याबरोबरच वाचेल. सांगतो. पण जरा फिरून यावं लागेल. सरळ त्या बाकापर्यंत जायला पाय उचलत नाहीत.

तुम्ही मला पाहिलं असेल. भुसावळच्या स्टेशनाबाहेर, जळगावच्या बसस्टँडवर, चाळीसगावच्या बाजारात एक दाढीवाला पोरगा तुमच्या हातात कागद कोंबतो ना, तो मी. हेमंत. धुळ्यात देवपुरात राहतो, संघटनेची पत्रकं लिहितो आणि वाटतोही. तुम्ही कागद घेता, घडी करता आणि पुढच्या वळणावर टाकता. मला ते दिसतं. त्याचा राग येतो. त्या रागातच हे सगळं सुरू झालं — पण नाही, असं म्हटलं तर दोष तुमच्यावर जातो. तुमच्यावर नाही जायचा.

पारोळ्याहून धुळ्याकडे येताना हायवेच्या एका अंगाला एक वस्ती आहे. नाव लिहीत नाही. तिथं जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा होती. पट कमी म्हणून बंद केली. ‘बंद’ म्हणायचं नाही हं! सरकारी भाषेत ते ‘समायोजन’. म्हणजे मास्तरांचं समायोजन दुसऱ्या गावात, बाकांचं समायोजन पंचायतीच्या ओट्यावर आणि पोरांचं समायोजन चौपदरी हायवेच्या पलीकडे. वीतभर पोरगं ट्रकांच्या मधून पळत शाळेत जाणार. पट कमी म्हणून शाळा बंद करता, मग गिऱ्हाईक कमी म्हणून कधी दारूचं दुकान बंद केलंत का? — हे माझंच वाक्य. सभेत टाळ्या मिळायच्या.

आणि विचारायचं कुणाला? सरकार तीन पक्षांचं. कालपर्यंत एकमेकांना तुरुंगात धाडायची भाषा, आज एकाच फ्लेक्सवर हात जोडून उभे. एकाच्या कार्यालयात गेलो तर म्हणाले, शिक्षण खातं आमच्याकडं नाही. दुसऱ्याकडं म्हणाले, ज्यांचं खातं त्यांना विचारा. तिसऱ्यानं चहा पाजला — आम्ही मनानं तुमच्याच बाजूचे हो, पण वर आमचं चालत नाही! सत्तेला तिघं, जबाबदारीला एकही नाही. सभामंडपाला निधी आहे, शाळेच्या पत्र्याला नाही. सणावारी तलवारी नाचवणाऱ्या पोरांच्या पाठीवर थाप, आणि मास्तर मागायला गेलेल्या आयांच्या हातात नोटीस. यातला एक शब्दही मी आज मागे घेत नाही.

पण बघा — मला माझ्याबद्दल लिहायचं होतं, आणि मी सरकारवर घसरलो. ही माझी जुनी पळवाट आहे. त्यांचं पाप एवढं मोठं की त्याच्या सावलीत माझं दिसतच नाही. छान सोय.

तर, पत्रक. पत्रक लिहायला मला आबांनी शिकवलं. आबा म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने. उभी हयात सूतगिरणीत गेली, आता त्यांच्या घराची पुढची खोली हेच आमचं ऑफिस. माझी सुरुवातीची पत्रकं वाचून ते म्हणायचे, “तुझ्या पत्रकात सरकार पडतं रे हेमंत, पण वाचणारा त्याच्या आधी झोपतो.” सगळे हसायचे. मग आबा त्यांचा नियम सांगायचे. आकडा नको, कलम नको. एक माणूस पाहिजे. त्याचं नाव, त्याचं गाव, आणि त्याच्या तोंडचं एक वाक्य — जे वाचून बाई पदर डोळ्याला लावेल. आमच्याकडं प्रत्येक पत्रकाच्या वरच्या चौकटीत असं एक वाक्य असतंच. आधी ते वाक्य शोधायचं, मग खाली पत्रक लिहायचं. वस्तीवर जाताना आम्ही म्हणायचो, ‘वाक्य आणायला चाललो.’ भाजी आणायला जावं तसं.

नियम आबांचा, पण त्यांनी खोटं लिही म्हणून कधी सांगितलं नाही. हे स्पष्ट करून टाकतो.

श्रावणात त्या वस्तीवर वाक्य आणायला गेलो. पारावरची मंडळी ओळखीची झाली होती. “उना रे, पत्रकवाला उना! आते सरकारनं काही खरं नही!” आला रे पत्रकवाला, आता सरकारचं काही खरं नाही — अशी थट्टा करून त्यांनी मला मंगलाअक्कांच्या घराकडं पाठवलं, कारण त्यांची मुलगी त्या वर्षी सातवीत जायची होती आणि घरी बसून होती. घरी बसलेली सातवीतली मुलगी! मी मनातल्या मनात चौकट आखलीसुद्धा.

अक्का शेतातल्या निंदणीवरून नुकत्याच आल्या होत्या. नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात. घरात या दोघी मायलेकी. मला चहा दिला. मी विचारलं, पोरगी घरी का? त्यांनी सांगितलं ते असं — शाळा बंद झाली, हायवे ओलांडून पाठवायचा धीर होत नाही, म्हणून मुलीला चाळीसगावला मामाकडं शिकायला ठेवणार आहेत. तिकडच्या शाळेत बोलणंही झालंय. अडलंय ते दाखल्यावर. शाळा बंद झाली तेव्हा कागदपत्रं कुठं गेली ते कुणी नीट सांगत नाही. मास्तर म्हणतात केंद्रावर, केंद्रावर म्हणतात तालुक्याला. आता मिळेल म्हणालेत. पोळ्याला मामा येईल आणि पोरीला घेऊन जाईल.

मी विचारलं, काळजी वाटत नाही का? त्या हसल्या. म्हणाल्या, “शाया बंद व्हयनी म्हनीसन पोर का बंद करी ठेवू?”

शाळा बंद झाली म्हणून पोर का बंद करून ठेवू! आज सांगतो, मी लिहिलेल्या सगळ्या पत्रकांत मिळून इतकं चांगलं वाक्य नाही. ते मला फुकट मिळालं होतं, चहाबरोबर. आणि मी ते वहीत लिहूनही घेतलं नाही. का? त्यात रडणं नव्हतं. बाई खंबीर होती, मुलगी हुशार होती, मामा येणार होता. दाखला अडकला — एवढ्यावर कोण पदर डोळ्याला लावणार? सरकारच्या ढिसाळपणाचा ढळढळीत पुरावा समोर चहा पीत बसला होता, आणि मला तो मिळमिळीत वाटला.

निघताना उंबऱ्यावर बसवून दोघींचा फोटो काढला. मुलीनं पळत जाऊन नवं दप्तर आणलं, मांडीवर घेतलं. चाळीसगावच्या शाळेसाठी आणलेलं. फोटो काढून घेताना तिनं ते छातीशी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी देवपुरात पत्रक लिहायला बसलो. चौकट रिकामी. आबा आत दाढी करत होते. मी लिहिलं —

‘शाळाच नाही तर पोरीला घरात ठेवून काय करू? स्थळ आलंय, दिवाळीनंतर उरकून टाकते.’ खाली नाव: मंगलाबाई, आणि वस्तीचं नाव. त्याखाली मुलीचं नाव, इयत्ता सातवी.

झालं. स्थळाचा विषय त्या घरात निघालाच नव्हता. कुणाच्या तोंडून नाही, चेष्टेतही नाही. मी ऐकण्यात चुकलो नाही, मला कुणी फसवलं नाही, घाईत दोन घरांची गल्लत झाली नाही. मी ते घडवलं. आणि मग फोटो कापला. दप्तर दिसत होतं ना! छातीपासून वरचे दोन चेहरे तेवढे ठेवले. दप्तराशिवाय मुलगी खरंच उदास दिसायला लागली — अशी जादू असते त्यात.

लाज वाटली का? खरं सांगू — नाही. उलट आत काहीतरी जुळल्याचं सुख झालं. मला वाटलं, अशा हजारो मुली असतील ना महाराष्ट्रात? मग एक इथं असली काय, नसली काय. तत्त्वतः खरंच आहे की! ‘तत्त्वतः खरं’ — हा शब्द त्या दिवशी मी स्वतःसाठी तयार केला. सरकारचा ‘समायोजन’ आणि माझा ‘तत्त्वतः’ — दोन्ही एकाच टाकसाळीतले.

आबांनी वाचलं. चष्मा काढून पुसला. “आता माणूस दिसला,” म्हणाले.

पत्रक यावेळी कुणी टाकलं नाही. लोकांनी फोटो काढून एकमेकांना पाठवलं. जळगावच्या एका शिक्षिकेपर्यंत पोचलं आणि तिनं, कुठल्याही शहाण्या माणसानं करावं तेच केलं — बालविवाह होतोय म्हणून तक्रार केली. तिचा काय दोष? यंत्रणाही लगेच हलली. दाखला शोधायला जी महिनाभर हलली नव्हती, ती लगेच हलली! वस्तीवर गाडी आली. चौकशी होईपर्यंत मुलीला आईजवळ ठेवणं धोक्याचं म्हणून मुलींच्या बालगृहात नेलं. कायद्यानं बरोबर. माझं वाक्य खरं असतं तर अगदी बरोबर.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मला जबाबासाठी बोलावलं. आता आपण त्या बाकाशी आलो.

मी आत शिरलो तेव्हा अक्का आधीच बसलेल्या होत्या. रडून सुजलेला चेहरा, आणि मला बघितल्यावर — हे लिहायला जड जातंय — मला बघितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. त्यांना वाटलं मी सोडवायला आलो. त्या पुढं सरकल्या. “उना का भाऊ! सांग ना यास्ले. मी असं कव्हय सांगं?”

आला का भाऊ. सांग ना यांना. मी असं कधी सांगितलं?

फौजदार बाई तरुण होत्या, बोलायला सरळ होत्या. पत्रक पुढं ठेवून त्यांनी विचारलं, “हे वाक्य तुम्हाला कुणी सांगितलं?”

“यांनीच सांगितलं, मॅडम,” मी म्हणालो.

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं, जणू मी भलत्याच भाषेत बोललो. मग फौजदार बाईंना म्हणाल्या, मॅडम, उद्या मन्हा भाऊ येनार शे, त्याला विचारा. बाई दमल्यासारख्या म्हणाल्या, “आधी बोलतात आणि अंगाशी आलं की फिरवतात.” असं म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं — सुशिक्षित माणूस सुशिक्षित माणसाकडं पाहतो तसं. आणि मी मान डोलावली.

उत्तर तरी विचारलं होतं. मान डोलवायला कुणी सांगितलं होतं?

तुम्ही म्हणाल, चळवळ वाचवायला केलं असेल. संघटनेची बदनामी होऊ नये, सरकारला आयतं कोलीत मिळू नये. नंतर मीही स्वतःला हेच सांगितलं, बरेच दिवस, फार सुंदर शब्दांत. पण त्या क्षणी चळवळ कुठं होती? त्या क्षणी खिडकीतून माझी दुचाकी दिसत होती. माझ्यावर गुन्हा दाखल झाला तर ती चालवत घरी जाता येईल की नाही, एवढाच विचार डोक्यात होता. मी घाबरलो. ज्यानं भर चौकात मंत्र्यांना भित्रे म्हटलं, तो एका आईला ढाल करून दुचाकीवर बसला आणि घरी गेला. रस्त्यात बैलांच्या शिंगांना रंग लावणं चाललं होतं. मी एका ठिकाणी थांबून उसाचा रसही प्यायलो.

दुसऱ्या दिवशी मामा आला. भाची नव्हती, बहीण ठाण्यात खेटे घालत होती. तो तसाच परत गेला. पुढं त्याच्या घरातून निरोप आला, पोलिसांत नाव गेलेली पोर आम्हाला नको. अडकलेला दाखला नंतर मिळाला म्हणे. न्यायला कुणी उरलं नव्हतं.

दिवाळी उलटल्यावर मुलीला सोडलं. चौकशीत काही निघालंच नाही — निघणार काय? पण काही निघालं नाही हे छापायला कोण येतं? आम्ही नाही छापलं. मी नाही छापलं. मुलगी आता सुरतेला बापाच्या खोलीवर असते. त्याचा आणि त्याच्या सोबत्यांचा स्वयंपाक करते. शाळेत जात नाही.

आणि सरकार? हे ऐकाच. सत्तेतल्या तिघांपैकी एकाच्या तालुक्यातल्या पुढाऱ्यानं सभा घेतली. हातात माझंच पत्रक. म्हणाला, शाळा आम्ही बंद नाही केली, आईबापांनीच पोरींचं शिक्षण बंद केलंय, हे बघा, विरोधकांनीच छापलंय! शाळेऐवजी वस्तीला बालविवाहाच्या जनजागृतीचा रथ मिळाला. त्यावर लाऊडस्पीकर. मास्तर मागणाऱ्या बायका गप्प झाल्या, कारण ज्या वस्तीची अब्रू गेली तिनं मागायचं कोणत्या तोंडानं? जे त्या तिघांना मिळून जमलं नसतं ते मी एकट्यानं करून दिलं. शाळा आजही बंद आहे.

मी मात्र वर चढलो. सभांना बोलावणी आली. ‘ती सातवीतली मुलगी’ मी भुसावळला सांगितली, जळगावला सांगितली. चाळीसगावलाही सांगितली — ज्या गावात ती शिकणार होती, तिथं स्टेजवर उभं राहून, आवाज कापरा करून. सांगता सांगता एकदा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. यापेक्षा किळसवाणं मला स्वतःबद्दल काही आठवत नाही.

या उन्हाळ्यात मी वस्तीवर गेलो. पारावर कुणी थट्टा केली नाही. अक्का उंबऱ्यात गहू निवडत होत्या. मी उभाच राहिलो, त्यांनी बस म्हटलं नाही. म्हणालो, अक्का, मी सगळं लिहून छापणार आहे.

“बठ्ठं?” त्यांनी विचारलं.

“बठ्ठं. सगळं.”

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, “मन्हं नाव लिखजो. लोकस्ले समजाले पाहिजे कोनतं नाव ते. पन पोरनं नाव नको. आनि फोटो नको.” आणि मान वर न करता — “गावमा अजून मन्हाकडे बोट दखाडतस.”

गावात अजून माझ्याकडं बोट दाखवतात. नळावर, लग्नात, बाजाराच्या गाडीत — पोरगी शाळेतून काढून उजवायला निघालेली बाई, ती हीच. त्यांनी कितीदा सांगितलं असेल मी बोलले नाही म्हणून. छापलेल्या कागदापुढं बाईच्या बोलण्याला कोण विचारतं? कागद मीच छापला होता.

संघटनेला मी कालच कळवलं. ठाण्यातही जाऊन जबाब बदलणार आहे. पुढं जे व्हायचं ते होईल. ते माझं मी बघेन. माझ्याबद्दल तुम्ही काय ठरवायचं ते ठरवा, मला कळवू नका.

पण मंगलाअक्कांचं काम तुमच्याकडं आहे. हे वाचून ठेवून देऊ नका. पारोळ्याच्या बाजारात, धुळ्याच्या गाडीत, कुठल्याही ओट्यावर कुणी त्यांचं नाव घेऊन ती गोष्ट सांगायला लागला, तर तिथंच त्याला थांबवा. पाहुणा असो, सोयरा असो, आमच्या संघटनेचा असो — बोलणं मध्येच तोडा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा: ती बाई असं कधीच बोलली नाही, ती मुलीला शिकायला पाठवत होती, वाक्य हेमंतनं घडवलं. माझं नाव घेऊन सांगा. आजपासून सांगा.